लाकडी पिस्तूल

पिस्तूल घरी आणता येत नाही.
ते रास अल खैमाच्या डोंगरपायथ्याशी, क्लबच्या तिजोरीत
माझ्या नावाच्या चिठ्ठीसकट झोपतं.
म्हणून बशारत उस्तादांनी वखारीत
सागाचं एक करून दिलं,
मुठीला कानशीने खाचा पाडून.
मॅगझिन मात्र मी स्वतः ओतते:
दवाखान्यातलं दातांचं प्लास्टर,
रबराचा साचा, वीस मिनिटं,
मग काट्यावर
भरलेल्या मॅगझिनइतकं होईतो घासायचं.
दिवसभर त्याच प्लास्टरमध्ये
लोकांच्या दाढा उठवते.

साडेदहानंतर पलंगाशी उभी राहते.
जुनं मॅगझिन गादीवर पडायला हवं, फरशीवर नको;
खाली तगरीदबाईंचं तान्हं झोपलेलं असतं.
अंगठ्याने खटका, डावा हात पट्ट्याकडे,
नजर वर. खाली बघायचं नाही.
दोन पूर्णांक एक. एक पूर्णांक नऊ.
पन्नासदा. मग भांडी. मग पुन्हा पन्नासदा.

पट्टा पुरुषी कमरेच्या मापाचा.
होल्स्टर हाडावर टेकतं तिथली कातडी
आता टाचेसारखी झाली आहे.
जूनमध्ये पिस्तूल सावलीत ठेवलं तरी
तव्याची कड धरावी तसं धरावं लागतं.

बाकी हिशेब असा:
अंगठ्याच्या बेचक्यात दोन समांतर रेघा,
मूठ फार वर सरकली त्या दिवशी स्लाईडने ओढलेल्या.
गळ्याखाली तपकिरी डाग:
तापलेली पितळी पुंगळी कॉलरमधून आत शिरली,
आणि हातात भरलेलं पिस्तूल असताना
नाचायचं नसतं,
म्हणून मी नाचले नाही.
आईने व्हिडिओवर विचारलं, तेल उडालं का गं?
म्हटलं, हो, फोडणी.
झाकण ठेवत जा, ती म्हणाली.

आमच्या इमारतीत रातकिडे नाहीत.
एक आहे, माझ्या डाव्या कानात.
फेब्रुवारीत मफ जरासा सरकला होता,
एवढंच.

रमजानमधली रात्रीची मॅच. साडेअकरा.
दिव्यांभोवती धूळ,
कागदी कपात खजुराच्या बिया.
टायमर वाजला.
चार पाट्या, एक पडदा, उजवीकडे धावताना
मॅगझिन सुटलं, वाळूत पडलं, नवं बसलं,
इतकं अलगद की माझं मलाच कळलं नाही.
एक पूर्णांक तीन.
आणि मार्सेलिनोचा आवाज: स्टॉप.
बोट, मॅडम. चापावर होतं.
गोळी सुटली नव्हती.
बाद व्हायला ती सुटावी लागत नाही.
पिस्तूल रिकामं करून दाखवलं,
होल्स्टरमध्ये घातलं.
उरलेली मॅच मी बादली घेऊन पुंगळ्या वेचल्या.
कुणी काही बोललं नाही. मार्सेलिनोने फक्त
दुसरी बादली आणून शेजारी ठेवली.

घरी येऊन सागाचं पिस्तूल उचललं तेव्हा दिसलं,
याला चापच नाही.
चापाची जागा उस्तादांनी भरीव ठेवली होती.
सात महिने माझं बोट
त्या लाकडावर वाटेल तिथे पहुडत होतं
आणि लाकूड काही बोललं नव्हतं.

शनिवारी वखारीत गेले.
इथे भोक हवं, म्हटलं. आत चापही.
उस्तादांनी चष्मा कपाळावर नेला.
बेटी, नाजूक होईल. तुटेल कधीतरी.
तुटू दे, उस्ताद.
ड्रिल फिरलं. भुसा
माझ्या बेचक्यातल्या चिकटपट्टीवर बसला.
तो मी सोमवारी दवाखान्यात,
हातमोजे घालायच्या आधी झटकला.

आज नवं मॅगझिन ओतलं.
चार ग्रॅम जास्त भरलं.
कानस कुठे ठेवली आहे मी?